सांडपाणी, शैवाल आणि माणूस
(वार्षिक स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या मायदेशात सांडपाण्याचे काम जातीच्या नावाने माणसांवर लादले गेले. म्हणून त्याच पाण्यातून इंधन मिळविण्याचा प्रयत्न आम्ही केवळ कुतूहलाने पाहू शकत नाही.

आज आपण राहतो त्या अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील बर्कले येथे, विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५०च्या दशकात या विषयाचा पाया घातला. उथळ तळ्यात सांडपाणी संथपणे फिरत ठेवले की सूक्ष्म शैवाल झपाट्याने वाढते. पाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस हे त्याचे खत. सूर्यप्रकाशात ते प्राणवायू सोडते. त्यावर जगणारे जिवाणू घाणीचे विघटन करतात आणि त्यांनी सोडलेला कर्बवायू पुन्हा शैवालाच्या कामी येतो. निसर्गाच्या या व्यवहारात कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही.

१९७८ ते १९९६ या काळात अमेरिकी ऊर्जा खात्याने शैवालापासून तेल काढण्यावर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले. तीन हजारांहून अधिक वाण जमविले गेले. तरीही ते तेल खनिज तेलापुढे महागच ठरले. एक लिटर पाण्यात शैवाल जेमतेम ग्रॅमभर, बहुधा त्याहूनही कमी. ते वेगळे करण्यातच खर्च होतो. नायट्रोजन तोडला तर तेलाचे प्रमाण वाढते, पण वाढ खुंटते.

स्पेनमधील चिक्लाना गावी २०११ पासून झालेल्या प्रयोगाने निराळी वाट धरली. तेथे ओले शैवाल न सुकविता कुजवून वायू काढला आणि त्यावर मोटारी चालविल्या. पाणी शुद्ध होते, हाच पहिला लाभ. इंधन हा जोडलाभ.

बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम, जलसंपत्ती आणि वीज हे विषय एकत्र सांभाळले. या तिन्हींचा विचार आम्हीही एकत्रच केला पाहिजे. भारतात १९९३ व २०१३ साली कायदे झाले, तरी गटारात माणसे मरतात. उद्या तेथे अशी तळी झाली आणि त्यांपर्यंत पाणी पोहोचविणाऱ्या गटारात पुन्हा त्याच वस्तीतील माणूस उतरला, तर त्या हिरव्या इंधनाला आम्ही प्रगती म्हणणार नाही.

आपली मुले आज अभियंते होत आहेत. त्यांनी हे शास्त्र जरूर शिकावे. मात्र प्रत्येक आराखड्यापुढे पहिला प्रश्न हाच ठेवावा, की गटारात यंत्र उतरणार की माणूस?

जयभीम!