तुराट्यांच्या धुरातून वीज

तुरीच्या राशी झाल्या की नळदुर्गच्या शिवारात तुराट्यांचे ढीग उरतात. काही चुलीत जातात, काही कुडाला लागतात आणि उरलेल्या बऱ्याच ठिकाणी बांधावरच पेटवून देतात. यांच्यापासून वीज करता येईल का? येईल. पण कोणत्या यंत्राने करावी, खरी गोम तिथे आहे.

आधी एक लहानसा प्रयोग सांगतो; शिक्षकांनी वर्गात करून दाखवावा. मेणबत्ती फुंकून विझवा. वातीतून पांढुरक्या धुराची रेघ वर चढेल, तिला वरच्या वरच जळती काडी लावा. ज्योत त्या रेघेवरून खाली उतरते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. म्हणजे तो धूर हेही जळणच! चुलीतल्या लाकडाचेही तसेच. आपण म्हणतो लाकूड जळते. पण ज्वाळा असते ती बहुतेक लाकडातून निघालेल्या वायूची.

आता बंद, उभ्या भट्टीत वाळल्या तुराट्यांचे तुकडे भरले आणि हवा हात राखून दिली, तर ते पुरते जळत नाहीत. थोडे जळतात, त्या धगीने बाकीच्यांचा कोळसा होतो आणि लाल निखाऱ्यांच्या थरातून जाताना धुराचे रूप पालटते. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे जळणारे वायू हाती येतात. हवेतला नायट्रोजनही त्यांत जवळजवळ निम्मा मिसळलेला असतो, म्हणून हा वायू पाणी घातलेल्या ताकासारखा. कार्बन मोनॉक्साइड विषारी असून त्याला वास नसतो. अशी भट्टी कोंदट खोलीत कधीही नको.

ही युक्ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा पाठीला भट्टी बांधलेल्या कोळशाच्या मोटारी आपल्या रस्त्यांवर धावत होत्या.

त्या मोटारींत इंजिन होते. टर्बाइनची तऱ्हा निराळी. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती लवकर कळेल. पडते पाणी चाक फिरवते, तसाच इथे तापून फुगलेला वायू पात्यांचे चाक फिरवतो. (पाण्यावरच चाक फिरवावे म्हटले, तर आपल्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे पावसाळ्यापुरतेच.) पुढची पाती हवा दाबतात, मधल्या कोठीत वायू जळतो, मागच्या पात्यांवर झोत आदळतो. बाहेर पडणारा झोतही सुमारे ५०० अंश तापलेला असतो. त्यावर पाण्याची वाफ करून दुसरे टर्बाइन चालवता येते. एकाच जळणाची दोनदा वीज!

मग अडते कुठे? कोठीत हवा दाबलेली असते, म्हणून वायूही दाबूनच घालावा लागतो. त्यातले डांबर थंड झाले की नळ्या-झडपांना चिकटते. आणि राखेतला पोटॅश तापल्या पात्यांचा धातू खातो. काडीकचऱ्यात तर तो लाकडापेक्षा बहुधा जास्तच.

स्वीडनमध्ये वार्नामो गावी १९९३ साली असे केंद्र उभे राहिले. लाकडाच्या वायूवर ६ मेगावॉट वीज आणि गावातली घरे उबदार ठेवायला ९ मेगावॉट उष्णता. त्या वायूवर टर्बाइन साडेतीन हजार तासांहून अधिक चालले. यंत्राने दगा दिला नाही. पण १९९९ साली प्रयोग संपला आणि केंद्र थांबले, कारण ती वीज महाग पडत होती.

आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडाच्या वायूवर पाच अश्वशक्तीचा डिझेल पंप चालवून पाहिला. पुढे त्यांनी उसाचे पाचट आणि चिपाड यांवर चालणारी मोठी भट्टी केली. तिचा वायू मात्र त्यांनी कारखान्यात उष्णतेसाठी जाळला. हे शहाणपणाचे होते. नुसत्या उष्णतेसाठी वायू इतका गाळावा लागत नाही.

माझे मत विचाराल तर गावाने टर्बाइनच्या नादी लागू नये. ते साखर कारखान्याच्या आवाक्यातले काम. तिथे चिपाड आयते एका जागी पडते. कारखाने ते बॉयलरखाली जाळून वाफेवर वीज करतात. वायू करून टर्बाइन चालवले, तर तेवढ्याच चिपाडातून बरीच अधिक वीज निघू शकेल. गावाला इंजिन बरे. ते बिघडले तर दुरुस्त करणारा मिस्त्री तालुक्याला तरी भेटतो.

पण जळण पुरेल का? २० किलोवॉटचे इंजिन रोज १० तास चालले तर २०० युनिट वीज होते. युनिटला सव्वा किलो धरले, तर रोज २५० किलो आणि वर्षाच्या ३०० दिवसांत ७५ टन वाळले जळण लागेल. कडब्याला हात लावायचा नाही. तो गुरांचा घास. पाचटही सगळे उचलू नये, काही रानात कुजू द्यावे.

शिक्षकमित्रांनो, यंदा मुलांना एका एकरातल्या तुराट्या तोलायला लावा. ७५ टनांना किती एकर लागतात, हा भागाकार मग ती स्वतःच करतील. तुराट्या मात्र चांगल्या वाळलेल्या हव्यात. मोडताना कडकन आवाज आला पाहिजे. आणि तोलण्याआधी घरोघरच्या बायकांना विचारून चुलीला लागतील तेवढ्या बाजूला काढून ठेवा.