मत मागायला आलेल्या उमेदवाराला नेमकं काय विचारायचं?

आजचा एपिसोड आहे प्रश्नांबद्दल. दारात मत मागायला आलेल्या माणसाला आपल्याकडे साधारण पाच मिनिटं मिळतात. त्या पाच मिनिटांत त्याचं खरं धोरण बाहेर काढणारा प्रश्न कसा बनवायचा, यावर आज बोलणार आहे.

आधी एक गंमत बघा. उमेदवाराबद्दल आपल्याला तसं बरंच कळतं. 2002 आणि 2003 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांमुळे प्रत्येकाला शपथपत्र द्यावं लागतं. गुन्हे किती, जमीन किती, कर्ज किती, शिक्षण काय, सगळं त्यात असतं. पण त्यात एक रकाना नाही. निवडून आल्यावर हा माणूस कशाच्या बाजूने हात वर करणार? ते आपणच विचारायचं असतं. आणि तिथेच आपण कच्चे पडतो.

आपण काय विचारतो? "पाणी देणार का?" देणार. "रस्ते चांगले करणार का?" शंभर टक्के. "महिलांची सुरक्षितता?" आमचं प्राधान्यच आहे ताई. झालं. पाच उमेदवार आले आणि पाचांनी तेच सांगितलं. मग मत द्यायचं कशावर? चेहरा, चिन्ह, नाहीतर ओळख.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे मला हे टेस्टिंगसारखं दिसतं. कोड बरोबर असो की चूक, दोन्ही वेळा जी टेस्ट पास होते ती काहीच तपासत नाही. तिचा हिरवा टिक बघून उलट खोटा धीर येतो. "पाणी देणार का" ही तशीच टेस्ट आहे. त्याला "नाही" म्हणणारा उमेदवार जन्माला यायचाय.

म्हणजे आजच्या एपिसोडचं सगळं सार एका वाक्यात सांगू का? ज्या प्रश्नाचं "हो" पण महागात पडतं आणि "नाही" पण महागात पडतं, तोच प्रश्न कामाचा.

हे मी शोधलेलं नाही. नेदरलँड्समध्ये 1989 साली शाळेतल्या मुलांसाठी एक छोटी पुस्तिका निघाली, स्टेमवायझर नावाची. त्यात विधानं होती, मुलांनी सहमत की असहमत ते सांगायचं, आणि कोणत्या पक्षाशी आपलं जुळतं ते बघायचं. पुढे ती वेबसाइट झाली. जर्मनीने तीच कल्पना उचलून 2002 मध्ये वाल-ओ-माट सुरू केलं. तिथे सरकारचीच एक संस्था ते चालवते. आणि विधानं लिहायला कोण बसतं? तज्ज्ञ असतातच, पण त्यांच्याबरोबर तरुण मतदार असतात, तुमच्या-माझ्या वयाचे आणि लहानसुद्धा. 2021 च्या निवडणुकीत ते 2 कोटींहून जास्त वेळा वापरलं गेलं.

त्यांची पद्धत ऐका, कारण खरा धडा तिथे आहे. आधी ते गरजेपेक्षा खूप जास्त विधानं लिहितात. ती सगळी पक्षांना पाठवतात. पक्षांनी स्वतः लिहून द्यायचं: सहमत, असहमत की तटस्थ, आणि का. उत्तरं आली की चाळणी लागते. ज्या विधानावर सगळे पक्ष एकच बोलतात ते विधान बाहेर. ज्यावर पक्ष फुटतात ते आत. शेवटी 38 विधानं उरतात. म्हणजे प्रश्न चांगला की वाईट, हे तो ऐकायला कसा वाटतो यावर ठरत नाही. तो माणसांना वेगळं करतो का, यावर ठरतं.

आता कुणी म्हणेल, तिकडे पक्षाला विचारतात, आपल्या गल्लीत तर माणूस उभा असतो. बरोबर. त्यासाठी स्वित्झर्लंड बघा. तिथलं स्मार्टव्होट 2003 पासून प्रत्येक उमेदवाराला वेगळं विचारतं. त्यात एक भाग खर्चाचा असतो: या या गोष्टीवर खर्च वाढवायचा, तेवढाच ठेवायचा की कमी करायचा? आणि निवडून आलेले लोक नंतर संसदेत कसं मत देतात ते अभ्यासकांनी तपासलं, तर आधीच्या उत्तरांशी साधारण 85 टक्के वेळा जुळलं. म्हणजे प्रश्न नेमका असला आणि उत्तर लिहून ठेवलेलं असलं, तर राजकारणी माणूस बऱ्यापैकी शब्दाला जागतो.

आता आपल्याकडे येऊ. मी पुण्याचं उदाहरण घेते, कारण मी इथे राहते. 2017 नंतर महापालिकेची निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार. आमच्यातल्या कितीतरी जणांनी नगरसेवकाला मत दिलं ते आयुष्यात पहिल्यांदा. त्यात एका प्रभागात चार जागा, म्हणजे एका मतदाराने चार मतं द्यायची. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उमेदवार यायचे, हात जोडायचे, पत्रक द्यायचे आणि पुढच्या सोसायटीत जायचे. तेव्हा आम्ही सहा-सात जणांनी बसून प्रश्न तयार केले. चार चाळण्या लावल्या. त्या सांगते.

पहिली चाळणी: हे काम या खुर्चीचं आहे का? नगरसेवकाला "नोकऱ्या आणणार का" विचारून उपयोग नाही, ते त्याच्या हातात नाही. पण मिळकतकराचे दर महापालिका ठरवते, दरवर्षी 20 फेब्रुवारीच्या आत. बजेटमध्ये प्रभागातली कामं सुचवायला नगरसेवकांची 'स' यादी असते. वर्षाच्या मध्ये एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाकडे वळवायला वर्गीकरण असतं. हे शब्द आपल्याला माहीत असले की समोरचा जरा सावरून बसतो.

दुसरी चाळणी, सगळ्यात महत्त्वाची: दोन्ही उत्तरांना किंमत आहे का? उदाहरण घ्या. पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना मिळकतकरात 40 टक्के सवलत आहे. मध्ये ती गेली, बरीच बोंबाबोंब झाली, 2023 मध्ये परत आली. "ही सवलत टिकवणार का?" सगळे हो म्हणणार, म्हणजे प्रश्न बाद. त्याऐवजी: "सवलत ठेवायची आणि करही वाढवायचा नाही, तर बजेटमधला कोणता खर्च कमी कराल? एक नाव सांगा." आता बघा शांतता.

आणखी काही सांगते. सोसायट्यांना पाण्याचे मीटर बसतायत. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पाणी वापरणाऱ्या सोसायटीकडून जास्त दर घ्यायचा का? 2018 मध्ये पार्किंगचं धोरण मंजूर झालं, पण रस्त्यावर उतरलंच नाही. आपल्या प्रभागातल्या मुख्य रस्त्यावर पे अँड पार्क आणायला हो म्हणाल का? नगर रस्त्यावरची बीआरटी काढली. सातारा रस्त्यावरची बसची वेगळी लेन ठेवायची की बाकीच्या गाड्यांना मोकळी करायची? या प्रत्येक प्रश्नात दोन्ही बाजूंना चांगली, शहाणी माणसं आहेत. म्हणूनच उत्तर दिलं की कुणीतरी नाराज होणार. ती नाराजी पत्करायची तयारी म्हणजेच धोरण.

तिसरी चाळणी: प्रश्नातून आपलं मत कळतंय का? "फूटपाथ अडवणाऱ्या पथारीवाल्यांना हटवणार ना?" असं विचारलं की तो म्हणणारच, हटवणार. कारण तुम्हाला काय हवंय ते तुम्हीच सांगितलंत. त्याऐवजी असं विचारा: "आपल्या चौकातल्या पथारीवाल्यांना तिथेच जागा आखून परवाने द्यायचे, की दुसरीकडे हलवायचं? हलवायचं तर कुठे?" सूर सपाट ठेवा. आणि एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. "पाणी, कचरा आणि रस्त्यांचं काय करणार" असं विचारलं की तो तिघांतलं सोपं उचलतो.

याचीच एक जोडयुक्ती आहे. तोच प्रश्न दुसऱ्या घोळक्यातून विचारून घ्या. आम्ही पथारीचा प्रश्न आमच्या पार्किंगमध्ये विचारला, आणि आमच्यातल्या एकाच्या काकांनी, त्यांची चौकात भाजीची गाडी आहे, त्यांनी तोच प्रश्न त्यांच्या बैठकीत विचारला. एका उमेदवाराने आम्हाला सांगितलं, "महिन्याभरात चौक मोकळा." तिकडे सांगितलं, "एकही गाडी हलणार नाही." दुसऱ्या एका ताईंनी दोन्हीकडे एकच सांगितलं: "परवाने देऊ, पण सिग्नलपासून मागे सरकावं लागेल." आमच्याकडे काही लोकांनी तोंड वाकडं केलं. तिकडेही केलं असणार. पण त्या दिवशी आम्हाला दोघांतला फरक कळला. पत्रकं वाचून तो कधीच कळला नसता.

चौथी चाळणी: मागचं विचारा. आधी निवडून आलेला उमेदवार असेल तर "काय करणार" सोडा. "मागच्या टर्ममध्ये तुमच्या 'स' यादीतली सगळ्यात मोठी तीन कामं कोणती? वर्गीकरण करून कुठला पैसा कुठे वळवलात?" याला उत्तर नसेल तर माहितीचा अधिकार आहेच. नवीन उमेदवाराला विचारा: "प्रभागासाठी समजा 1 कोटी मिळाले आणि फक्त दोन कामं करता येणार असतील, तर कोणती? आणि कोणतं काम मागे ठेवाल?" खरी माहिती दुसऱ्या अर्ध्या प्रश्नात आहे.

आता एक अडचण, आणि ती खरी आहे. पक्षाचा व्हिप. 1986 च्या राज्याच्या कायद्यानुसार पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला नगरसेवक व्हिपच्या विरोधात गेला तर त्याचं पद जाऊ शकतं. मग त्याचं वैयक्तिक मत विचारून काय फायदा? दोन फायदे आहेत. एक, प्रत्येक विषयावर व्हिप निघत नाही. 'स' यादीत काय टाकायचं, प्रभाग समितीत काय बोलायचं, मुख्य सभेत कोणता प्रश्न विचारायचा, हे बरंचसं त्याच्याच हातात असतं. दोन, हेच प्रश्न म्हणून विचारता येतं: "तुमचं हे मत पक्षात कुणाला सांगितलंय का? पक्षाने उलट ठरवलं तर आम्हाला येऊन सांगाल का?" तो पक्ष सोडणार नाहीये, आपल्याला तशी अपेक्षाही नाही. पण आपल्याला अंधारात ठेवणार की नाही, ते कळतं.

आणि उत्तर टाळलं तर? टाळण्याची आपल्याकडे एक ठरलेली भाषा आहे. "सगळ्यांना विश्वासात घेऊन निर्णय घेऊ." "समिती नेमू." "वरिष्ठांच्या कानावर घालतो." हे ऐकलं की भांडू नका. एकदाच, शांतपणे म्हणा: "समिती नेमलीत, तिच्यात तुम्ही सदस्य आहात, तुमचं मत काय?" तरी टाळलं तर वहीत लिहा: उत्तर दिलं नाही. जर्मनीतसुद्धा "तटस्थ" हे एक उत्तरच धरतात. एका प्रश्नाला टाळलं तर समजू शकतो. सहाच्या सहा टाळले, तर तीच माहिती आहे.

शेवटचं. तुम्ही म्हणाल, मतदान होऊन गेलं, आता काय? अहो, आता तर जास्त गरज आहे. कराचा ठराव दरवर्षी येणार, बजेट दरवर्षी येणार. आम्ही उत्तरांची एक साधी शीट ठेवली आहे: प्रश्न, उत्तर, तारीख, आणि एक रिकामा रकाना, "प्रत्यक्षात काय केलं". तो रकाना भरत जायचा. तुमच्याकडे नगरपरिषद असेल, जिल्हा परिषद असेल, ग्रामपंचायत असेल, रकाने तेच राहतात, प्रश्न बदलतात.

तर या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या गावातला किंवा प्रभागातला एकच प्रश्न लिहा, ज्याच्यावर तुमच्या घरातच दोन मतं आहेत. जेवताना विचारून बघा. आई एक म्हणाली आणि बाबा दुसरं म्हणाले, तर समजा प्रश्न जमला. मला व्हॉइस नोट पाठवा, निवडक प्रश्न पुढच्या एपिसोडमध्ये घेऊ. तोवर ऐकत राहा, विचारत राहा. भेटूच!