रिकाम्या उत्तराचा अर्थ



डोंबिवलीत अध्यक्षीय भाषण करायचं म्हणजे थोडं दडपण येतंच. २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावात भरलं होतं. एका बाजूला ठाण्याचं १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय, दुसऱ्या बाजूला कल्याणचं त्याहून जुनं, १८६४ सालचं सार्वजनिक वाचनालय. अशा पट्ट्यात आपण मॅन्युअल लिहिणारी माणसं संमेलन भरवतो. आपल्याला साहित्यिकांत कोणी मोजत नाही, न मोजोत. पण आपला वाचक बदललाय, त्याच्याबद्दल आज बोलायला हवं.

हा वाचक म्हणजे एआय एजंट. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला. त्यात प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि त्याला काय माहिती पुरवायची याचा आराखडा मॉडेलसमोर ठेवला जातो. तेवढं वाचून एजंट ठरवतो की हे टूल वापरायचं का आणि कसं. रिलीजच्या आदल्या रात्री घाईघाईत उरकलेलं आपलं डॉक्युमेंटेशन आता टूलच्या वागण्याचाच भाग झालंय. घाई मात्र तशीच आहे.

ब्लॉकचेनचं उदाहरण घेतो, कारण तिथे याची किंमत लगेच दिसते. आणि ब्लॉकचेन म्हटलं की नाण्यांच्या सट्ट्याकडेच बघायचं कारण नाही. २०२२ साली गडचिरोलीतल्या एटापल्लीत सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रं पॉलिगॉन या ब्लॉकचेनशी जोडण्याचं काम हाती घेण्यात आलं. कागदावर क्यूआर कोड आणि पडताळणीचा पुरावा ब्लॉकचेनवर, अशी ती योजना. आता कल्पना करा, उद्या एखाद्या कॉलेजच्या प्रवेश विभागात अशा प्रमाणपत्रांची तपासणी एजंट करतोय. तो टूलला विचारतो, ही नोंद आहे का? उत्तर येतं, रिकामी यादी.

या रिकाम्या यादीचे अर्थ किती निघतात पाहा. नोंद कधी झालीच नसेल. किंवा प्रश्न चुकीच्या नेटवर्कला विचारला गेला असेल: इथेरियमचा क्रमांक १, पॉलिगॉनचा १३७, आणि पत्त्याचा साचा दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे चुकलं तरी कोणी ओरडत नाही. किंवा ब्लॉकचेनचा डेटा देणाऱ्या पुरवठादाराच्या मर्यादेमुळे शोध काही ब्लॉकपुरताच झाला असेल. किंवा नोंदींची सूची बनवणारा इंडेक्सर मागे पडला असेल. ऑफिसातला नवखा मुलगा अशा वेळी शेजारच्या टेबलावर विचारून येईल. एजंट ‘नोंद आढळली नाही’ असं लिहील, आणि पुढच्या परिच्छेदात त्याचंच ‘बनावट’ होऊन बसेल. प्रवेश जाईल तो एटापल्लीच्या मुलीचा.

नोंद सापडली, तरी सगळं सिद्ध झालं असं नाही. कागद नोंदवल्यानंतर बदललेला नाही, एवढंच त्यातून कळतं. त्यावरचं नाव आणि जात बरोबर आहे की नाही, ते आधी कचेरीतल्या कागदपत्रांवर ठरलेलं असतं. ब्लॉकचेनने त्याची खात्री केलेली नसते. माझ्या मते हे वाक्य टूलच्या वर्णनात पहिलं यायला हवं. आपण ते तळाशी, ‘नेहमीचे प्रश्न’ या मथळ्याखाली पुरतो.

आपल्या स्टेशनावरच्या इंडिकेटरवर ‘एस’ दिसलं की कर्जत आणि ‘एन’ दिसलं की कसारा, हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. नवा माणूस गडबडतो, पण डब्यात शिरून कोणालातरी विचारतो आणि कल्याणच्या आत सावरतो. एजंटला सहप्रवासी नसतो. म्हणून ‘हे तर सगळ्यांना माहीतच आहे’ असं समजून आपण गाळलेलं प्रत्येक वाक्य परत लिहावं लागणार आहे.

एककांचंच बघा. इथरची रक्कम १८ दशांश स्थळांनी मोजतात, इथेरियमवरचं यूएसडीसी हे टोकन ६ स्थळांनी. वर्णनात ते लिहिलं नाही, तर हिशेब एक लाख कोटी पटींनी चुकू शकतो. ताजा ब्लॉक आणि पक्का झालेला ब्लॉक यांतला फरकही असाच. फेब्रुवारी २०२३ मध्ये पॉलिगॉनवर १५७ ब्लॉकची फेरमांडणी झाली होती. त्या क्षणी ‘ताजं’ म्हणून वाचलेलं थोड्या वेळाने वेगळं ठरलं असतं. नावांचीही तीच कथा: सप्टेंबर २०२४ मध्ये पॉलिगॉनच्या मॅटिक या टोकनचं पोल झालं, पण जुन्या मजकुरावर शिकलेलं मॉडेल मॅटिकच शोधत बसतं.

एक गोष्ट फारच थोडे जण लिहितात. टोकनचं नाव कोणीही, काहीही ठेवू शकतो. त्या नावात ‘अमुक साइटवर जा, बक्षीस घ्या’ असं लिहिलेली फसवी टोकनं सर्रास फिरतात. माणूस हसून पुढे जातो. एजंट तो हुकूम समजू शकतो. कुठल्या रकान्यातला मजकूर बाहेरच्या माणसाने लिहिलाय, हे आपण ठळकपणे सांगायला हवं. सुरक्षेच्या टीमवर ते ढकलून चालणार नाही, कारण मजकूर आपला आहे.

दुपारच्या सत्रासाठी माझी एक सूचना आहे. वागळे इस्टेट, ऐरोली, महापे इथल्या ऑफिसांतून तुम्ही आलात. प्रत्येक गटाने आपल्या एका टूलचं वर्णन एजंटला द्यावं आणि त्याला मुद्दाम चुकीच्या नेटवर्कवरचा प्रश्न विचारावा. आलेलं उत्तर जसंच्या तसं पडद्यावर दाखवा, आणि त्याच्याशेजारी तुमचं वर्णन. चर्चा तिथूनच सुरू करू.