कंत्राटी कामगाराची इजा आणि मालकाचे दायित्व



सुरतेच्या उधना, पांडेसरा भागांतील यंत्रमागांवर व रंगाई-छपाईच्या गिरण्यांत आपल्या खानदेशातील कितीतरी तरुण राबतात. पुष्कळांना मुकादमाने कामावर लावलेले असते. हात यंत्रात सापडला की मालक म्हणतो, "हा माझा माणूस नव्हे", आणि मुकादम तर भेटतच नाही.

कायद्याला हे उत्तर मान्य नाही. मालकाच्या नेहमीच्या धंद्याचे काम त्याच्या आवारात करताना कंत्राटदाराच्या माणसाला इजा झाली, तर भरपाई मालकाने द्यावी व मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावी, असे 1923 च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाच्या 12 व्या कलमाने ठरविले. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व कायम आहे. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. (राज्य विमा योजनेत नोंद असलेल्यांना मात्र लाभ त्या योजनेतूनच मिळतो.)

इजा कामावर असतानाच झाली, हे मात्र दाखवावे लागते, आणि घोडे अडते ते येथेच. दवाखान्यात "घरी पडलो" असे सांगण्याचा आग्रह झाला, तरी तशी नोंद होऊ देऊ नये. जखमी माणूस गावी परतला, तर शिक्षकांनी त्याच्या सोबत्यांची नावे, गिरणीचा पत्ता व अपघाताची वेळ त्याच दिवशी लिहून ठेवावी.