हवाई दलाची घडण आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



भारतीय हवाई दलाचा इतिहास व रचना हा विषय आम्ही आज हेतुपुरस्सर निवडला आहे. आपल्या ज्ञातीत शिक्षणाची आवड जुनी आहे. घरोघरी अभियंते, हिशेबनीस, शिक्षक आढळतात. परंतु हवाई दलाचे नाव निघाले की आईबापांच्या डोळ्यांपुढे केवळ वैमानिक उभा राहतो. मुलाला चष्मा लागला की हा मार्ग आपल्यासाठी नाही असे घरात ठरते, आणि चष्मा नसेल तर काळजीपोटी तो विषयच निघत नाही. हे दल मुळात कसे उभे राहिले, हे पाहिल्यास या समजुतीचा पुन्हा विचार करावा लागेल.

हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. पहिल्या स्क्वाड्रनची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिघ रोड येथे उभी राहिली. तिच्याजवळ वापिती जातीची चार विमाने होती. इंग्लंडात क्रॅनवेल येथे शिकून आलेले सहा हिंदी अधिकारी आणि १९ हवाई सिपाही एवढेच तिचे हिंदी मनुष्यबळ. या सहांपैकी पाच जण वैमानिक होते. सहावे टंडन यांची उंची विमान चालविण्यास कमी पडली, म्हणून त्यांच्याकडे साहित्य-पुरवठ्याचे काम आले. म्हणजे २५ माणसांपैकी उडणारे पाच आणि जमिनीवर राहणारे वीस. हिंदी माणसाला विमान चालविता आणि सांभाळता येईल काय, अशी शंका त्या काळी राज्यकर्त्यांच्या वर्तुळात उघड बोलली जाई. तिचे उत्तर या पाचांनी आणि त्या विसांनी मिळून दिले.

त्या हवाई सिपायांत हरजिंदर सिंग नावाचे एक तरुण होते. लाहोरच्या मॅक्लेगन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकूनही ते साध्या सिपायाच्या हुद्द्यावर भरती झाले आणि हातात पाना घेऊन यंत्रापाशी उभे राहिले. पुढे ते एअर व्हाइस मार्शल झाले व दुरुस्ती-देखभालीच्या मेंटेनन्स कमांडचे प्रमुख बनले. ॲव्हरो जातीचे वाहतुकीचे विमान कानपूर येथे बांधण्याचे काम त्यांच्या नेतृत्वाखाली झाले. त्यातील पहिले विमान १ नोव्हेंबर १९६१ रोजी आकाशात गेले. त्याला ‘सुब्रोतो’ हे नाव देण्यात आले. सुब्रोतो मुखर्जी हे त्या पहिल्या पाच वैमानिकांपैकी एक. १ एप्रिल १९५४ रोजी ते हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले होते. एकाच तुकडीतील अधिकारी आणि सिपाही अशा रीतीने एका विमानाच्या नावात व बांधणीत एकत्र आले.

युद्धप्रसंगीही हेच दिसते. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रह्मदेशात पहिल्या स्क्वाड्रनपाशी होती ती लायसँडर विमाने. ती टेहळणीसाठी आणि भूसेनेच्या मदतीसाठी बनविलेली. त्यांना बाँब जोडून घेऊन मजुमदार व त्यांच्या सहकाऱ्यांनी सयामच्या हद्दीतील जपानी विमानतळावर हल्ले चढविले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी दिल्लीहून डाकोटा विमानांनी शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरविले आणि ते शहर वाचले. मे १९४८ मध्ये मेहर सिंग यांनी ११,००० फुटांहून अधिक उंचीवरील लेह येथे, नुकत्याच तयार केलेल्या धावपट्टीवर डाकोटा उतरविले. १९६२ मध्ये लढाऊ विमाने वापरली गेली नाहीत. मात्र वाहतुकीची विमाने डोंगराळ ठाण्यांना रसद पुरवीत राहिली. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकले, तेव्हा संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी हवाई दल उतरविण्यास तत्काळ संमती दिली. पठाणकोटहून विमाने त्याच सायंकाळी झेपावली. दिवसभर ती सज्ज ठेवणारे हात नसते तर त्या संमतीचा काय उपयोग झाला असता? १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या आकाशात अनेक शत्रुविमानांशी एकट्याने झुंजलेले निर्मलजित सिंग सेखों हे परमवीरचक्र मिळविणारे हवाई दलाचे एकमेव वीर होत.

आता रचनेकडे वळू. दलाचे मुख्यालय नवी दिल्लीत आहे. त्याखाली सात कमांड येतात. पश्चिम, नैर्ऋत्य, मध्य, पूर्व व दक्षिण ही पाच क्षेत्रनिहाय असून त्यांची ठाणी अनुक्रमे दिल्ली, गांधीनगर, प्रयागराज, शिलाँग व तिरुवनंतपुरम येथे आहेत. प्रशिक्षणाची कमांड बंगळूरला आणि देखभालीची आपल्या नागपुरास आहे. कमांडखाली विमानतळांची ठाणी आणि ठाण्यांवर स्क्वाड्रन असतात. लढाऊ स्क्वाड्रनमध्ये साधारणतः १६ ते १८ विमाने असतात. अशा ४२ स्क्वाड्रनना मंजुरी असली तरी प्रत्यक्षातील संख्या बरीच कमी आहे. अधिकाऱ्यांच्या शाखा तीन: उड्डाण, तांत्रिक आणि भूकार्य. तिसऱ्या शाखेत प्रशासन, पुरवठा, हिशेब, शिक्षण, हवामानशास्त्र हे विभाग येतात. आपल्या घरांतून आजवर जी विद्या संपादन केली गेली, तिला येथे जागा नाही असे कोण म्हणेल?

नाशिकजवळ ओझर येथील कारखान्यात मिग-२१ विमाने बांधली गेली. १९६३ मध्ये दलात आलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. सहा दशके ते उडते ठेवणे हे यंत्रज्ञांचे काम होते. त्याच्या अपघातांत कित्येक तरुण वैमानिक गेले, हेही आम्ही लपवू इच्छीत नाही. आईच्या काळजाला पडणारा प्रश्न खोटा नाही. परंतु ते धोके ज्यांनी पत्करले तेही कोणाचे तरी पुत्र होते, याचे स्मरण ठेवून आपण त्याचे उत्तर द्यावे.

मार्ग अनेक आहेत. बारावीनंतर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, पदवीनंतर हवाई दलाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा. २०१६ मध्ये तीन तरुणी लढाऊ वैमानिक झाल्या, आणि २०२२ पासून खडकवासल्यातही मुलींना प्रवेश आहे. अधिकारीपदाखालील भरती २०२२ पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते. त्यांतील एक चतुर्थांशापर्यंत जणांनाच पुढे कायम केले जाते, हे पालकांनी आधीच समजून घ्यावे.

मंडळास आमची एक विनंती आहे. आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून दरवर्षी काही मुलामुलींना या परीक्षांच्या तयारीसाठी मदत द्यावी, आणि ती देताना तांत्रिक व भूकार्य शाखांकडे जाणाऱ्यांस वैमानिक होऊ पाहणाऱ्यांच्या बरोबरीने लेखावे. पाना हाती घेतलेल्या त्या पदवीधर सिपायाचे उदाहरण घरोघरी सांगितले जावे.

 जय हिंद.