चाळीस गुंठ्यांचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाचा मला सराव नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून वारसाहक्काविषयी चार शब्द बोलायला उभी आहे. हा विषय माझ्या वाट्याला एका सहीमुळे आला.

आमच्या ओट्यावर दुपारी आम्ही तिघी बसतो. शेजारच्या आपा, गोंड समाजातली एक मैत्रीण आणि मी. तिघींची माहेरे शेतकऱ्यांची. एकदा तूर निवडता निवडता हिशेब निघाला. समजा, बापाने स्वकष्टाने घेतलेले एक एकर वावर आहे, म्हणजे ४० गुंठे. मृत्युपत्र नाही, कर्ज नाही, बापाचे आईवडील हयात नाहीत. मागे बायको, दोन मुलगे व एक मुलगी. कुणाला किती?

आम्हां हिंदूंत १९५६ च्या कायद्याने चौघांना सारखे, प्रत्येकी १० गुंठे. त्याआधी १९३७ च्या कायद्याने विधवेला वाटा मिळे, पण तो हयातीपुरता. १९५६ पासून ती पुरती मालकीण झाली. वडिलोपार्जित जमिनीत मात्र मुलीला जन्माने हक्क नव्हता. महाराष्ट्राने तो १९९४ साली दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ साली तो देशभर सर्व मुलींना मिळाला.

आपांच्या धर्मात वाटे कुराणातच बांधून दिलेले आहेत. मुलेबाळे असली तर पत्नीला आठवा भाग, म्हणजे ५ गुंठे. उरल्या ३५ त मुलाला दोन तर मुलीला एक. म्हणजे मुलगे चौदा-चौदा, मुलगी सात. मला हे कमी वाटले. तेव्हा आपा म्हणाल्या, "बाई, तुमचे दहा काय नि माझे सात काय, सातबाऱ्यावर दोघींचेही नाव कुठे आहे?" मला उत्तर सुचले नाही.

मैत्रिणीला १९५६ चा कायदा लागूच नाही, कारण अनुसूचित जमाती त्यातून वगळल्या आहेत. तिथे रूढी चालते, आणि भाऊ सांगतील ती रूढी. पण जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीच्या वारसांना समान वाटा दिला. मुलीला वगळण्याची रूढी आहे, हे तिथे कुणी सिद्ध करू शकले नव्हते. ही बातमी वाचून दाखवली तेव्हा ती कितीतरी वेळ गप्प होती.

आता माझी सही. वडील २०११ साली गेले. तेरवी झाली आणि हक्कसोडपत्र पुढे आले. बहिणीने वाटा घेतला की माहेर तुटते, असे लहानपणापासून ऐकलेले. मी न वाचता सही केली. भावांना मी दोष देत नाही. त्यांनीही तेच ऐकलेले होते. पण त्याच कागदावर आईनेही अंगठा दिला, याचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. आज ती सहा महिने एका मुलाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे असते. मागच्या दिवाळीत तिला माझ्याकडे यायचे होते. बायकांना आता एसटीत अर्धेच तिकीट लागते. तेवढेही तिच्या कनवटीला नव्हते. सुनेपुढे हात पसरावा लागला.

भगिनींनो, वाटा घ्यावा की सोडावा हे जिचे तिने ठरवावे. माहेरही मोलाचे आहे. पण दुःखाच्या दिवसांत सही करू नका. कागद कुणा जाणत्याकडून वाचून घ्या, कारण नोंदलेले हक्कसोडपत्र सहजी फिरत नाही. वारस म्हणून आपले नाव लागले का, ते सातबारा काढून पाहा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बायकांना वकिलाची मदत फुकट मिळते. आणि आईचा अंगठा तर कधीच घेऊ देऊ नका.

आपल्या पवनारच्या विनोबांनी १९५१ पासून गावोगाव पायी हिंडून भूमिहीनांसाठी जमीन मागितली, आणि लोकांनी ती दिली. मग घरच्या आईला, लेकीला देताना आपला हात का आखडावा? माझ्या मुलांना मी सांगून ठेवले आहे की, बहिणीपुढे आणि माझ्यापुढे असला कागद आणायचा नाही.