वाडीची शाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी माढा येथे झालेले भाषण)



मंडळाने बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हटले. पाठीशी फळा नसला की आम्हां मास्तरणींना बोलणे सुचत नाही. पण विषय जिव्हाळ्याचा निघाला, म्हणून उभी राहिले आहे.

माझ्या नोकरीची शेवटची आठ वर्षे आपल्या तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. रुजू झाले तेव्हा पट सदतीस होता, निवृत्त झाले तेव्हा अकरा. चार वर्ग आणि शिक्षक दोन. त्यातला एक बैठकीला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या पदरात! मग पहिलीला मणी मोजायला बसवायचे, तिसरीला शुद्धलेखन द्यायचे आणि चौथीतल्या मुलीने दुसरीचे वाचन घ्यायचे. ती मुलगी शिकवता शिकवता स्वतःच पक्की होई. प्रत्येक लेकरू कुठे अडते, कुणाच्या घरी काल चूल पेटली नाही, हे मला ठाऊक असे. मोठ्या शाळेत हे सुख नाही.

उणेही सांगते. खो-खोत एका बाजूला नऊ खेळाडू लागतात. आम्ही सारे मिळून अकरा! आणि एकाशी कट्टी झाली, तर दुसरा मैत्र आणायचा कुठून?

पट का घटला? घरोघरी मुले एक-दोनच. जाणती माणसे पोटासाठी पुण्याला गेली. उरलेल्यांच्या दारात इंग्रजी शाळेची पिवळी गाडी आली. भगिनींनो, दोष देण्याचा अधिकार मला नाही. माझा स्वतःचा नातू त्याच गाडीत बसून गेला. सून म्हणाली, “आत्या, तुमच्या शाळेत त्याच्या वर्गात तो एकटाच असेल.” मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी पालकांपुढे पट वाढवा म्हणताना माझीच मान खाली गेली.

सप्टेंबर 2023 मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्यासाठी जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक होत्या. मोठ्या शाळेत सोबती मिळतील, खेळ मिळतील, हे खरे. पण उसाच्या फडातून चिखलाची वाट तुडवत सहा वर्षांची पोर रोज जाईल का? गाडी बंद पडली, तर मुलगा सायकलीवर जाईल, मुलगी मात्र घरी राहील.

जपानमध्ये शिकोकू बेटावर नागोरो नावाचे खेडे आहे. तिथली शाळा 2012 साली मिटली. आज त्या वर्गात मुलांच्या जागी चिंध्यांच्या बाहुल्या बसवल्या आहेत. ते चित्र पाहून माझ्या पोटात कालवले.

पण आपल्याच तालुक्यातले परितेवाडी आठवा. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना 2020 साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. शाळा वाडीवरची असली म्हणून शिकवणे वाडीएवढे राहत नाही, हे त्यांनी दाखवले. अर्थात, प्रत्येक वाडीला असे गुरुजी लाभतीलच असे नाही. म्हणून पाठीशी आपण हव्यात.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरवले आहे. आपण मात्र कागदावर सही करतो आणि चहा ठेवायला घरी वळतो! यापुढे सभेत बसा. दुसरा शिक्षक का नाही, ते विचारा. साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोप्यांवर जाऊन लेकरांना हाताला धरून शाळेत आणा. तेवढेच सोबतीही वाढतील.

माझे स्वतःचे सांगून थांबते. नातू परत आला नाही. पण दर शनिवारी मी त्या शाळेत जाते आणि गोष्ट सांगते. गेल्या शनिवारी सूनही आली आणि भिंतीला टेकून ऐकत बसली. जूनमध्ये धाकटीचे नाव घालायचे आहे. कोणत्या शाळेत, ते ती अजून बोललेली नाही, आणि मीही विचारलेले नाही.